गोन्सालो गार्सियांचा सण नेमका कधीपासूनचा?

मंडळी, विषय दिलाय 'गावच्या सणाचा उगम'. तिकडे वळण्याआधी संत गोन्सालो गार्सियांविषयी बोलू द्या. वसईच्या किल्ल्यात, गास गावच्या चर्चमध्ये आपण गोन्सालोंपुढे मेणबत्त्या लावतो, पण मुलांना त्यांचं आयुष्य सांगत नाही. हे मला फार लागतं.

जन्म वसईचा, १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यात येशूसंघीय म्हणजे जेझुइट धर्मगुरूंकडे शिकून ते त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा अस्खलित बोलू लागले. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा व्यापार केला, आणि तो चांगला चालला. चालता धंदा सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेले व्रतस्थ, झाले, हे विसरू नका. १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्तांचे दुभाषी म्हणून ते हिदेयोशीसमोर उभे राहिले. आपल्या वसईचा माणूस, जपानच्या सत्ताधीशाशी त्याच्याच भाषेत बोलतोय! १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, हिदेयोशीचा मिशनऱ्यांवरचा संशय वाढला आणि धरपकड झाली. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा कापून गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांची धिंड काढली, ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकलं.

मग चर्चच्या कॅलेंडरात या रक्तसाक्षींचा, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांचा, दिवस ६ तारखेला का? कारण ५ ला संत आगाथाचा सण आधीपासून होता. दुसरी अडचण राखेच्या बुधवाराची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची. ईस्टर लवकर आला की हा बुधवार फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. २००८ मध्ये तो बरोबर ६ फेब्रुवारीलाच आला. त्या दिवशी सणाचा मिस्सा (चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी) होत नाही, आणि पुढचे रविवार उपवासकाळाचे, त्यामुळे तेही मोकळे नाहीत. आधीचा सामान्यकाळातला रविवार मात्र घेता येतो, आणि ज्याच्या नावाने चर्च असतं त्या आश्रयदाता संताच्या सणाला ही मुभा नियमातच आहे. २००८ च्या हिशेबाने तो रविवार ३ फेब्रुवारी. नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, तेव्हा २५ जानेवारीच्या शुक्रवारी बसवावी लागते. सण रविवारी असेल तर नोव्हेना आदल्या आठवड्याच्या शुक्रवारी सुरू करायची आणि शनिवारी संपवायची. पुष्कळदा ती शनिवारी सुरू करतात, मग नववा दिवस सणावरच येतो आणि संध्याकाळच्या मिरवणुकीत कुणालाच ताळमेळ लागत नाही. म्हणून पुढच्या वर्षाचं कॅलेंडर हाती आलं की आधी राखेचा बुधवार शोधा, मंडप आणि बँडवाल्याला त्यानंतरच आगाऊ रक्कम द्या.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उगम थोडक्यात. '४०० वर्षांची परंपरा' असं बॅनरवर लिहिण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या करा. संताचा मृत्यू १५९७. धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, १६२७, संतपद ८ जून १८६२, म्हणजे 'संत गोन्सालो' हे नाव लावून सण १८६२ नंतरचाच. आणि चर्चचं वय ही तिसरीच बाब. किल्ल्यातलं ज्याला आपण गोन्सालोंचं चर्च म्हणतो, ते मुळात येशूसंघीयांचं, येशूच्या पवित्र नामाचं होतं.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे आली. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन आपापल्या भक्तीप्रमाणे चर्चना नावं देत गेले, त्यामुळे गावाचा आश्रयदाता बहुतेक वेळा गावाने निवडलेला नसतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, संघांचे धर्मगुरू गेले, गोव्याचे धर्मगुरू आणि गावकरी मागे राहिले. माझं ठाम मत असं, की सणाची मिरवणूक, वर्गणी, पंगत हा सगळा भाग याच गावकऱ्यांनी सांभाळला आणि घडवला. पुरावा हवा असेल तर धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि जुन्या खर्चाच्या वह्या उघडा. गोन्सालो हे नाव मुलांना कोणत्या वर्षापासून ठेवू लागले आणि सणाच्या मेणबत्त्यांचा खर्च पहिल्यांदा कधी पडला, ते तिथे सापडेल.