हमीचा पैसा, मापाची मजुरी

(दृश्य: पगारपत्रक, कपातीचा रकाना)

व्यवसाय कर. महाराष्ट्रात बहुतेक पगारदारांना दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५च्या कायद्याने आला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला.

हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९७२-७३च्या दुष्काळाने तिची निकड दाखवली. हमीचा कायदा १९७७चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ला. म्हणजे कर आधी, हक्क नंतर. शिवाय कराइतकीच रक्कम राज्याने स्वतःची घालायची. विकासाचे कुठलेही विधेयक हाती आले, की ‘उद्देश व कारणे’ नंतर वाचावीत, वित्तीय ज्ञापन, म्हणजे पैसा कुठून येणार हे सांगणारे टिपण, आधी. तिथे फक्त ‘अर्थसंकल्पीय तरतुदीतून’ असेल, तर योजना दरवर्षी वित्त विभागाच्या दारात उभी राहणार. अर्थात इथेही फट आहेच: कर आधी राज्याच्या संचित निधीत जातो, हमीच्या निधीत तो वळवावा लागतो.

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय)

काम मागायचे नमुना ४चा अर्ज भरून. तारखेची पोच घ्यायचीच. पंधरा दिवसांत काम नाही मिळाले, तर बेकारी भत्ता. पण पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? मूळ योजनेत नवे काम काढायला ५० मजूर लागत, त्यामुळे लहान वाड्या मागे राहत. खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर, म्हणून कामे पाझर तलावाची, नालाबांधाची.

(दृश्य: खोदकाम, टेप धरलेले हात)

खरा घोळ इथे होतो. मजुरी हजेरीवर नाही, मापावर. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल खड्डा म्हणजे २.७ घनमीटर. खोली २५ सेंटिमीटर लिहिली, की २.२५. पाच सेंटिमीटरच्या चुकीत टोळीची सहावा हिस्सा मजुरी गेली. म्हणून खोदताना मध्ये थोडी जमीन न खोदता ठेवतात. मूळ पातळी तीच सांगते. माप घेण्याआधी ती कोणी सपाट केली, तर वाद मिटवायला काही उरत नाही. कठीण मुरूम मऊ माती म्हणून नोंदवला, तर दर पडतो. आणि अभियंता आठवडाभर फिरकलाच नाही, तर हजेरीपट भरलेला असूनही पगार निघत नाही. मजूर तोवर दुकानदाराच्या उधारीवर.