माहोम्स तोच, भिंत वेगळी

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, भारतात सोमवारी पहाटे ५ वाजता सुरू होतो. एवढ्या पहाटे उठून बसणाऱ्याची नजर साहजिकच क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूवर खिळलेली असते. आज आपण त्याच्या पुढ्यात उभ्या असलेल्या पाच जणांबद्दल बोलणार आहोत. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि टोकांना दोन टॅकल. बहुतेकांचं वजन १३५ किलोच्या वर. सेंटर चेंडू पायांमधून मागे देतो, तेवढं सोडलं तर यांच्या हाताला चेंडू क्वचितच लागतो. ही झाली ऑफेन्सिव्ह लाइन.

आधी साधा हिशेब पाहू. बचावाकडे ११ जण असतात आणि पासच्या वेळी साधारणपणे त्यांतले ४ क्वार्टरबॅकवर धावून येतात. राहिलेले ७ मागे थांबून पास घेऊ शकणाऱ्या ५ जणांवर लक्ष ठेवतात. चौघांना रोखायला लाइनचे पाच, म्हणजे आक्रमणाकडे एक जण जास्तीचा. आता हे चौघेच जर भिंत फोडू लागले, तर बचावाला जादा माणूस पाठवावाच लागत नाही. मागचे सातही जण जागेवर राहतात आणि क्वार्टरबॅकला मोकळा साथीदार दिसेपर्यंत वेळ संपलेली असते. ही वेळ असते साधारण अडीच सेकंदांची.

क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सचे तीन सुपर बोल शेजारी-शेजारी ठेवले की हा हिशेब स्पष्ट दिसतो. संघ तोच, कॅन्सस सिटी चीफ्स. प्रशिक्षकही तेच, अँडी रीड.

पहिला सामना ७ फेब्रुवारी २०२१चा, टँपा बे बकॅनियर्सविरुद्ध. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्यामुळे ऑक्टोबरपासूनच बाहेर होता. दोन आठवडे आधी डावा टॅकल एरिक फिशर याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. एक गार्ड, लॉरां दुव्हर्ने-टार्डिफ, हा डॉक्टर. तो करोनाच्या साथीत रुग्णसेवेसाठी त्या मोसमात खेळलाच नव्हता. फिशर गेल्यावर काय झालं बघा. उजव्या बाजूला खेळणारा माइक रेमर्स डावीकडे गेला. त्याची जागा भरायला उजवा गार्ड अँड्र्यू वायली टॅकल झाला. वायलीच्या जागी राखीव खेळाडू आला. दुखापत एकाची, पण बदलल्या तीन जागा.

उजवीकडचा माणूस डावीकडे ठेवला तर एवढं काय बिघडतं? टॅकल मागे सरकताना बाहेरचा पाय तिरका मागे टाकतो आणि आतला पाय जमिनीलगत ओढून घेतो. बाजू बदलली की पायांची कामं उलटी होतात आणि पहिला धक्का द्यायचा हातही बदलतो. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली हालचाल दोन आठवड्यांत उलटी करायची म्हणजे प्रत्येक वेळी क्षणभर उशीर होणारच. गार्डला टॅकल केलं तर अडचण निराळी. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात. टॅकलच्या बाहेरच्या बाजूला मोकळं मैदान असतं आणि तिथून संघातले सगळ्यात चपळ हल्लेखोर येतात. हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर, त्याच्या खांद्यांच्या आत बसायला हवेत. उशीर झाला की हात बाहेरून पडतात, मग खांदा धरला जातो, आणि होल्डिंगच्या दंडात १० यार्ड जातात.

टँपा बेचे तेव्हाचे बचाव प्रशिक्षक टॉड बोल्स एरवी ब्लिट्झ, म्हणजे जादा माणसं पाठवून हल्ला, यासाठी ओळखले जातात. त्या रात्री त्यांनी ब्लिट्झ जवळजवळ बाजूला ठेवला. चौघांवरच भागत होतं. ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या मोजणीनुसार माहोम्सवर २९ वेळा दडपण आलं, सुपर बोलच्या इतिहासात तोवरचं सर्वाधिक. गंमत अशी की सॅक, म्हणजे चेंडू हातात असताना तो पाडला गेला, असं फक्त ३ वेळा झालं. नुसता सॅकचा आकडा पाहून लाइनला गुण देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बाकीच्या वेळी माहोम्स मागे, आडवा, पुन्हा मागे पळत राहिला. ४९ पासांपैकी २६ पूर्ण झाले, टचडाउन, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवणं, एकही नाही, २ चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती. टँपा बे ३१-९ असे जिंकले.

त्यानंतरच्या काही महिन्यांत चीफ्सनी लाइन मुळापासून बदलली. फिशर आणि श्वार्ट्झ दोघांनाही सोडलं. बाल्टिमोरच्या संघाकडून टॅकल ऑर्लँडो ब्राउन घेतला, गार्ड जो थूनीशी ५ वर्षांचा ८ कोटी डॉलरचा करार केला, ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, दुसऱ्या फेरीत सेंटर क्रीड हम्फ्री आणि सहाव्या फेरीत गार्ड ट्रे स्मिथ निवडला. माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची निवड हम्फ्रीची. सेंटर फक्त धक्के देत नाही. समोरची मांडणी वाचून कोणी कोणाला अडवायचं हे तोच ओरडून सांगतो. समोरचे दोघे हल्लेखोर धावता धावता आपसांत जागा बदलतात, तेव्हा गार्ड आणि टॅकलनी आपापला गडी शेजाऱ्याच्या हवाली करायचा असतो. कबड्डीतल्या साखळीसारखं हे काम आहे, एकाचा हात सुटला की चढाईवाला मधून निसटलाच.

१२ फेब्रुवारी २०२३ला हीच लाइन फिलाडेल्फिया ईगल्ससमोर उभी राहिली. ईगल्सनी त्या मोसमाच्या साखळी सामन्यांत ७० सॅक केले होते. माहोम्सचा घोटा दुखावलेला. तरी सॅक शून्य. २७ पैकी २१ पास पूर्ण, ३ टचडाउन, आणि चीफ्स ३८-३५ असे जिंकले. सगळं श्रेय लाइनला देणं मात्र चूक होईल. २७ पासांत एकूण यार्ड होते १८२, म्हणजे चेंडू झटपट आणि जवळच टाकला जात होता. शिवाय चेंडू घेऊन धावतही १५८ यार्ड मिळाले, त्यामुळे हल्लेखोरांना बेधडक पासवर धावून जाता येईना.

इथं क्वार्टरबॅकची जबाबदारीही सांगायला हवी. चेंडू हाती येताना तो बहुधा सेंटरच्या ५ यार्ड मागे असतो आणि तिथून दोन-तीन पावलं मागे जातो. बाहेरून वळसा घेणाऱ्या हल्लेखोराला टॅकल थांबवत नाही, ढकलत क्वार्टरबॅकच्या मागून पलीकडे नेतो. क्वार्टरबॅकनं त्या वेळी एक पाऊल पुढे सरकायचं. तो घाबरून १० यार्डांपर्यंत मागे गेला, तर टॅकलनं अचूक केलेलं कामही वाया जातं, हल्लेखोर थेट त्याच्या अंगावर येतो. टीव्हीवर शिव्या मात्र टॅकलला. याउलट सेंटर किंवा गार्ड मागे रेटला गेला, तर पुढे सरकायला जागाच उरत नाही. म्हणून मधून येणारं दडपण कडेच्या दडपणापेक्षा घातक.

९ फेब्रुवारी २०२५ला नेमकं दोन्हीकडून दडपण आलं. समोर पुन्हा ईगल्स. मोसमभर डाव्या टॅकलची जागा स्थिर होईना, म्हणून थूनीला गार्डवरून तिथं नेलं होतं. उत्तम गार्ड गेला आणि टॅकल मिळाला तो तडजोडीचा. एका भोकाला ठिगळ लावताना दुसरं पडलं. ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केला नाही. चौघांच्याच हल्ल्यातून ६ सॅक झाले. मध्यंतराला ईगल्स २४-० असे पुढे होते आणि चीफ्सनी जेमतेम २३ यार्ड कापले होते. अखेर ईगल्स ४०-२२ असे जिंकले.

अशा वेळी उपाय असतात, पण प्रत्येकाची किंमत असते. टाइट एंडनं, म्हणजे लाइनच्या टोकाला उभं राहून पासही घेणाऱ्या खेळाडूनं, निघता निघता कडेच्या हल्लेखोराला धक्का द्यायचा, म्हणजे तो पास घ्यायला उशिरा पोहोचणार. रनिंग बॅकला, म्हणजे एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्याला, संरक्षणासाठी मागे ठेवायचं, म्हणजे पास घेणारे ५ वरून ४ वर. आखूड पास टाकत राहायचे, तर मागचे सातही जण पुढे सरकतात. आणि २४-० मागे असताना आखूड पासांना वेळ पुरत नाही.

त्या पराभवानंतर चीफ्सनी ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत, ३२व्या क्रमांकावर, जॉश सिमन्स हा डावा टॅकल निवडला. थूनीला त्याआधीच, मार्चमध्ये, शिकागो बेअर्सनी घेतलं होतं. २०२४मध्ये त्यांचा नवखा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला होता. बेअर्सनी थूनीला पुन्हा त्याच्या मूळ जागी, डाव्या गार्डवर उभं केलं.