बारीक अंगातली चरबी

श्रोतेहो, नमस्कार.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे होते. उंची 165 सेंटिमीटर, वजन 61 किलो. शिफ्टला सायकलवरून जायचे. पन्नाशी उलटली तशी त्यांना दुपारीच ग्लानी यायला लागली, रात्री लघवीला चार-चारदा उठावं लागायचं. तपासणीला गेलो, तिथे वजन आणि उंची घेतली आणि सांगितलं, वजन अगदी प्रमाणात आहे, साखरेची भीती नाही. रक्त काही तपासलं नाही. दोन वर्षांनी पायाची एक साधी जखम भरेना, तेव्हा कळलं, मधुमेह आहे. मी आहारशास्त्र शिकवते. तेव्हाही शिकवत होते, आणि तरी त्या दिवशी आम्ही निश्चिंत मनाने घरी परतलो होतो. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते ‘प्रमाणात’ या शब्दाबद्दल.

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की जो आकडा येतो त्याला आपण बीएमआय म्हणतो. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने मांडलं. हजारो माणसांची सरासरी काढणं हा त्याचा विषय होता, एकेका माणसाचं दुखणं ओळखणं नव्हे. काट्यावर किलो दिसतात. त्यातले स्नायू किती आणि चरबी किती, हे काटा सांगत नाही.

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. अण्णांचा बीएमआय मी नंतर काढून पाहिला. 22.4.

ही चरबी येते कुठून? गोडधोड आणि बैठं काम हे उत्तर आपल्याला पाठ आहे आणि ते खोटं नाही. पण गोष्ट त्याच्याही बरीच आधी सुरू होते, हे कळलं ते पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमुळे. 1993 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी तिथल्या तरुण विवाहित स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. गरोदर राहण्याच्या आधीपासून. साधारण आठशे गरोदरपणं त्यांनी टिपली. या आया सरासरी 21 वर्षांच्या, वजन 42 किलोच्या आसपास, आणि बहुतेक शेतात राबणाऱ्या. बाळं जन्मली ती सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. म्हणजे आपलं बाळ 800 ग्रॅमने कमी.

मग त्यांनी बाळांचं नुसतं वजन न घेता अंग-अंग मोजलं. दंडघेर घेतला, पोटाचा घेर घेतला, आणि कॅलिपर नावाच्या चिमट्याने पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कातडीची घडी धरून तिची जाडी मोजली. दंड बारीक होते. पोट लहान होतं, म्हणजे आतले यकृतासारखे अवयवही लहान. फऱ्याखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्लंडच्या बाळाइतकीच. दिसायला किडकिडीत, पण अंगात चरबी धरलेलं बाळ. आईच्या पोटात अन्न तोकडं पडलं की शरीर मेंदूला आधी देतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, आणि स्नायू कमी म्हणजे रक्तातली साखर वापरणारी जागाच कमी, असा त्याचा अर्थ लावला जातो. दिल्लीत 1969 पासून जन्मलेल्या मुलांचा असाच दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. मोठेपणी ज्यांची साखर बिघडली ती मुलं दोन वर्षांची होईपर्यंत बारीक होती आणि पुढे त्यांचं वजन वेगाने वाढत गेलं होतं.

आता मला सर्वात जवळचा वाटणारा भाग. त्या सहा गावांतल्या आया काय खात होत्या? एकूण किती उष्मांक, किती प्रथिनं, याचा बाळाच्या वजनाशी ठळक संबंध दिसला नाही. दिसला तो पालेभाजी, दूध आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी. ज्या आया या गोष्टी जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्या गरोदरपणात जास्त कष्टाचं काम करत होत्या त्यांची बाळं लहान होती.

हे वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर निफाड-दिंडोरीचे द्राक्षबाग येतात. गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, झाली की पेठ-सुरगाण्याहून मजूर बायकांच्या टोळ्या उतरतात. पहाटे उठून भाकरी थापायची, सोबत खुरासणीची चटणी नाहीतर नुसती मिरची, आणि दिवसभर हात वर करून डिपिंग, थिनिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवायचे आणि त्यातले जादा मणी काढायचे. हात वर धरूनच दिवस जातो. त्यात सहाव्या-सातव्या महिन्यातल्याही असतात. ज्या बागेतून द्राक्षं युरोपात जातात, त्या बागेत काम करणाऱ्या गरोदर बाईच्या ताटात फळ नसतं. याचं मला फार वाईट वाटतं आणि ते मी इथे बोलून दाखवते. बागायतदार भाऊ ऐकत असतील तर त्यांना विनंती, टोळीत कोणी गरोदर असेल तर तिला बसून करायचं काम द्या, एक कप दूध द्या आणि पाटीतला एखादा घड द्या.

नुसतं संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, म्हणून मुंबईत 2006 पासून प्रत्यक्ष प्रयोग झाला. वस्त्यांमधल्या साडेसहा हजारांहून जास्त स्त्रियांना, गरोदर राहण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध होतं, दुसऱ्यात कांदा-बटाट्यासारख्या भाज्या. सगळ्यांची बाळं वजनदार झाली नाहीत. ज्या आया मुळातच फार बारीक होत्या त्यांच्या बाळांचं वजन वाढलेलं दिसलं नाही, आणि हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण गरोदरपणात होणारा मधुमेह दुसऱ्या गटात 12 टक्क्यांहून जास्त जणींना झाला, तर पालेभाजीच्या गटात सात टक्क्यांच्या आसपास. साधी पालेभाजी, साधं दूध.

दुधाचं आणखी एक महत्त्व आहे. पुण्याच्या त्या आयांपैकी बहुतेकींच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं, मोड आलेल्या कडधान्यात नसतं. ज्या आयांच्या रक्तात ब-12 कमी आणि फोलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व, जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नव्हतं. सहावं वर्ष, म्हणजे पहिलीतलं मूल. तरी डॉक्टरांनी दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्या हव्यातच. सोबत ब-12 चं विचारायचं.

मी विद्यार्थिनींना घेऊन पंचवटीत आहाराची पाहणी करायला जाते. वाट्यांचा एक संच बरोबर असतो, लहान-मोठ्या. काल सकाळपासून काय खाल्लंत, कुठल्या वाटीने? एक आजी म्हणाल्या, “काही नाही बाई, दोन पोळ्या नि वरण.” थोडं बसलो, चहा झाला, तेव्हा चहाबरोबरचा चिवडा निघाला, एकादशीची साबुदाण्याची खिचडी निघाली, नातवाने आणलेली मिसळ निघाली, वर दोनदा घेतलेली तर्री. आजी खोटं बोलत नव्हत्या. येता-जाता खाल्लेलं आपण जेवणात धरतच नाही. कोणी अशी वही घेऊन दाराशी आलं तर त्याला दहा मिनिटं द्या आणि खाल्लेलं सगळं सांगा. त्या सहा गावांतली माणसं आज तीस वर्षं टोचून घेत आहेत, मोजून घेत आहेत, म्हणून तर आपल्याला हे सगळं कळलं.

घरात शिवणाची फीत असेलच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, पोट आत न ओढता, श्वास सोडल्यावर फीत लावा. आपल्यासाठी मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. त्याच्या वर भरलं तर वजन कितीही असो, उपाशीपोटी साखर तपासून घ्या. बीएमआयवरून वजन जास्त ठरवण्याची रेषाही आपल्यासाठी 25 नाही, 23 आहे. आणि घरात जुनं माता-बाल कार्ड असेल तर जन्माच्या वेळचं वजन बघा. अडीच किलोच्या आत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

अण्णांना मी ही फीत लावली ती जखम झाल्यानंतर, आईच्या शिवणाच्या डब्यातून काढून. 92 भरली. त्यांचा हात मात्र माझ्या मुठीत मावत होता.

नमस्कार.