खाऱ्या हवेतला डीसी ऑफसेट

(दृश्य : कुडाळच्या बाजारपेठेतलं दुरुस्तीचं दुकान. बाहेर श्रावणातला पाऊस.)

चतुर्थी तीन आठवड्यांवर आली की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. भजनी मंडळांचे माइक, मिक्सर, वर्षभर माळ्यावर पडलेली अ‍ॅम्प्लिफायरची मशीन्स. किनाऱ्यालगतच्या एका वाडीतला मुलगा आपलं मशीन टेबलावर ठेवत म्हणाला, "अण्णा, गाणा नाय लावला तरी स्पीकराचो कोन भायर येवन बसता."

अर्धं निदान त्यानंच केलं होतं.

(दृश्य : स्पीकरचा कोन, म्हणजे आवाज काढणारा हलता पडदा, जवळून. मशीन चालू होताच तो किंचित पुढे सरकतो आणि तिथेच थांबतो.)

गाणं थांबलं की स्पीकरच्या तारांवर शून्य व्होल्ट असायला हवेत. शून्याऐवजी एकाच दिशेचा जो व्होल्टेज उरतो, तो डीसी ऑफसेट. हे क्लास-डी मशीन. त्यातले दोन मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, एक अधिक ५० व्होल्टचा आणि एक उणे ५० चा, सेकंदाला काही लाख वेळा आळीपाळीनं चालू-बंद होतात. शांततेत दोघांना निम्मा-निम्मा वेळ मिळतो. पुढची कॉइल आणि कपॅसिटर सरासरी काढतात : अधिक ५० आणि उणे ५० व्होल्टची सरासरी शून्य. पण वाटणी ५१ आणि ४९ टक्के झाली, तर आउटपुटवर चक्क १ व्होल्ट उभा राहतो. फीडबॅक, म्हणजे आउटपुट मागे आणून तपासणारी वाट, अशी चूक ओढून जागेवर आणतो. मात्र फीडबॅक जिथे तुलना करतो तिथलाच व्होल्टेज सरकला असेल, तर तो चुकीचा शून्य मनापासून सांभाळत बसतो.

१ व्होल्टनं स्पीकर जळत नाही, हे मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण ६ ओहम दाखवते. १ व्होल्टला त्यात पाव वॅटसुद्धा जात नाही. पण कोन मध्यावरून हटतो, मशीन चालू करताना 'ठप' ऐकू येतं. मॉस्फेट शॉर्ट होऊन पूर्ण ५० व्होल्ट आले तर गोष्ट वेगळी. तेव्हा ४०० वॅटहून जास्त उष्णता त्या बारीक तारेत उतरते. तिथे स्पीकर लगेच तोडणाऱ्या रिलेचं संरक्षण हवंच.

(दृश्य : मल्टिमीटरचा पडदा.)

मोजताना मी मीटरच्या आधी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर जोडतो, नाहीतर स्विचिंगचा उरलासुरला गोंगाट साध्या मीटरला फसवतो. ब्रिज पद्धतीच्या, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं चालवणाऱ्या मशीनमध्ये मीटर स्पीकरच्या दोन टोकांमध्येच लावायचा. २४ व्होल्टवर चालणाऱ्या अशा मशीनचं प्रत्येक टोक ग्राउंडपासून १२ व्होल्टवर असतं. तो बिघाड नव्हे.

या मशीनवर ३८० मिलिव्होल्ट होते. ५० च्या आत आल्याशिवाय मी मशीन सोडत नाही. प्रीसेट, म्हणजे शून्य जुळवायचा छोटा फिरता रेझिस्टर, फिरवला, ४ वर आणलं, समाधानानं घरी गेलो. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी २१० !

भाग बिघडला असता तर आकडा हवामानाबरोबर हलला नसता. मी भाग आधीच तपासले होते. ५५३२ या ऑप-अ‍ॅम्पचा (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीचा) स्वतःचा इनपुट प्रवाह साधारण २०० नॅनोअँपिअर. १०० किलोओहममधून गेला की २० मिलिव्होल्ट. म्हणून त्याच्या दोन्ही इनपुटना सारखाच रेझिस्टन्स दिसायला हवा. इथे तो सारखाच होता. इनपुटचा कपॅसिटरही गळत नव्हता.

(दृश्य : भिंगाखाली सर्किट बोर्ड. सोल्डरच्या टाक्यांभोवती पांढरट थर.)

हे मीठ. समुद्रावरून येणाऱ्या हवेबरोबर पंखा ते आत ओढतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच ओलं होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. मग बोर्डावर अदृश्य रेझिस्टर तयार होतात.

या मशीनमध्ये ऑफसेट मारायला डीसी सर्व्हो होता. सर्व्हो आउटपुटची संथ सरासरी बघतो आणि ती शून्यावर ढकलतो. इतका संथ, की पखवाजाच्या खालच्या घुमाऱ्यालाही हात लावत नाही. पण त्या संथपणासाठी त्याच्या इनपुटला १ मेगओहमसारखे मोठे रेझिस्टर लागतात. शेजारून ५० व्होल्टची पट्टी जात असेल आणि मधल्या मिठाचा रेझिस्टन्स १० मेगओहम भरला, तर ५ मायक्रोअँपिअर प्रवाह गळतो. तो फेडायला सर्व्हो स्वतःच आउटपुट ५ व्होल्टकडे नेऊ पाहतो. राखणदारच चुकतो. आमच्या बोर्डावरची गळती त्याहून पुष्कळ कमी होती, म्हणून काही शे मिलिव्होल्टवर निभावलं.

आणि प्रीसेट? ओल्या बोर्डावर जुळवलेला प्रीसेट बोर्ड सुकला की उलट दिशेला तेवढीच चूक करतो. म्हणून किनाऱ्यावरच्या मशीनचा प्रीसेट मी आता सगळ्यात शेवटी फिरवतो.

(दृश्य : ब्रशनं बोर्ड धुणं.)

मिठाला पाणीच विरघळवतं. नुसत्या अल्कोहोलनं ते नीट निघत नाही. आधी बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरनं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मऊ ब्रशनं, आयसींच्या पोटाखालूनसुद्धा. त्यानंतर बल्बच्या उबेत दोन दिवस. कनेक्टर आणि प्रीसेटवर टेप लावून बोर्डाला लॅकरचा पातळ थर. सर्व्होचे १ मेगओहमचे रेझिस्टर काढून २२० किलोओहमचे घातले आणि कपॅसिटर त्या प्रमाणात वाढवला, म्हणजे वेग तोच राहिला आणि गळतीचा परिणाम पाचपटीच्या आसपास घटला.

(दृश्य : मीटर. पत्र्यावर पावसाचा आवाज.)

मशीन २० मिनिटं तापू दिलं. प्रीसेटला हात न लावता ११ मिलिव्होल्ट. थोडा फिरवून ३. ते तसंच चार दिवस चालू ठेवलं. दोन दिवस कोरडे गेले, दोन दिवस धो-धो. आकडा १० च्या पुढे गेला नाही.

मुलगा न्यायला आला तेव्हा आधी स्पीकरसमोर वाकला, आणि कोनाकडे बघत म्हणाला, "रवलो बघा जाग्यार."