कॉन्ट्रा : एका गोळीत मरणारे दोघं

(दृश्य : अंधार. टीव्हीची खरखर. मग जंगलातल्या पहिल्या स्टेजचं संगीत.)

हे सूर ऐकताच ज्यांचे अंगठे आपोआप हलले, त्यांच्यासाठी ही गोष्ट आहे. मे महिन्याची सुट्टी. टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी खोचलेली वायर. '९९९९९९ इन १' असं छापलेली पिवळी कॅसेट. आणि त्यातल्या व्हिडिओ गेम्सच्या लांबलचक यादीत अगदी वर एक नाव : कॉन्ट्रा.

टीव्हीला जोडलेला तो डबा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्राची नक्कल होता आणि कॅसेटही अधिकृत नव्हती. आम्हाला तेव्हा त्यातलं काही ठाऊक नव्हतं. निळ्या पँटवाला माझा, लाल पँटवाला तुझा, आणि गोळी लागली की मेलास, एवढंच कळायचं. एकच गोळी. उरलेली ताकद दाखवणारी रक्ताची पट्टी नाही, जखम नाही, दुसरी संधी नाही.

कॉन्ट्राचा सगळा इतिहास मला त्या एका गोळीचा इतिहास वाटतो. ती येताना दिसली पाहिजे. हे ज्यांनी सांभाळलं त्यांचा खेळ टिकला.

(दृश्य : आर्केड मशीन. उभा, उंच पडदा.)

१९६९ साली ओसाकात कागेमासा कोझुकी यांनी ज्यूकबॉक्स भाड्याने देण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा सुरू केला. त्यातून कोनामी उभी राहिली. फेब्रुवारी १९८७ मध्ये या कंपनीने जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या अड्ड्यांवर, एक नवं मशीन आणलं : कॉन्ट्रा. दिग्दर्शक होते कोजी हिरोशिता.

नाव तीन चिनी अक्षरांत लिहिलेलं, उच्चार 'कोंतोरा'. पहिलं अक्षर आत्म्याचं, दुसरं लढाईचं. तिसरं 'रा' केवळ उच्चारासाठी घेतलेलं. पण आपला 'असुर' बौद्ध ग्रंथांतून जपानला पोचून 'आशुरा' झाला, त्याच्या शेवटी हेच अक्षर आहे. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

नावाला दुसरीही एक बाजू आहे. त्या दिवसांत निकाराग्वामधले 'कॉन्ट्रा' बंडखोर आणि त्यांना अमेरिकेतून छुपी मिळणारी मदत यांच्या बातम्या जगभर गाजत होत्या. हे बंडखोर ज्यांच्या सरकारविरुद्ध लढत होते, ते सँडिनिस्टा. आणि या आर्केड खेळाच्या शेवटी वाजणाऱ्या धूनचं नाव आहे 'सँडिनिस्टा'. इतकं जुळून आल्यावर योगायोग म्हणणं कठीण आहे.

कथा अशी : साल २६३३. न्यूझीलंडजवळचा गलुगा द्वीपसमूह. तिथे रेड फाल्कन या शत्रुसंघटनेने तळ ठोकलाय, आणि बिल रायझर आणि लान्स बीन (आमचे निळ्या आणि लाल पँटवाले) या दोघांनाच तिथे पाठवलंय. अमेरिकेत घरगुती आवृत्ती गेली तेव्हा तिथल्या माहितीपुस्तिकेने हे सगळं उचलून तेव्हाच्या वर्तमानकाळात, ॲमेझॉनच्या जंगलात नेलं. आमच्या कॅसेटबरोबर पुस्तिकाच नव्हती, त्यामुळे आमची कथा आम्हीच रचली होती.

(दृश्य : १९८८ ची घरगुती आवृत्ती. पहिली स्टेज, पूल.)

ही घरगुती आवृत्ती १९८८ ची. शिगेहारू उमेझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचं काम अवघड होतं : आर्केडचं ताकदवान मशीन सोडून फॅमिकॉमच्या छोट्याशा यंत्रात हे सगळं बसवायचं होतं. त्यांनी नुसती काटछाट केली नाही. आर्केडमध्ये बर्फाच्या मैदानापासून शत्रूच्या गुहेपर्यंतचा भाग एकाच लांब स्टेजमध्ये होता. त्याच्या त्यांनी वेगवेगळ्या स्टेज केल्या. एकूण आठ झाल्या. जपानी कॅसेटमध्ये कोनामीची खास चिप होती, म्हणून तिथे जंगलातली झाडं वाऱ्यावर हलतात आणि बर्फ पडताना दिसतो. आमच्या कॅसेटमधली झाडं हलत नव्हती. आम्हाला ती तशीही आवडायची.

आता थोडं थांबूया, कारण खरी कारागिरी इथे आहे.

(दृश्य : संथ गतीत उडी.)

ही उडी बघा. माणूस हवेत गोल गोल फिरतो. ते दिसायला छान आहेच, पण अंग मुटकुळं करून घेतल्याने तो गोळीसाठी लहानही होतो. आता तो जमिनीवर पालथा पडलाय : गोळी डोक्यावरून गेली. शत्रूच्या गोळ्या म्हणजे छोटे ठिपके, आणि ते येतात सावकाश. बंदूक आठही दिशांना चालते. म्हणजे गोळी निघाली कुठून, येतेय कुठे, आणि चुकवायला तुमच्याजवळ किती जागा आहे, हे सगळं एका नजरेत कळतं. म्हणूनच एका गोळीत मरणं अन्यायाचं वाटत नाही. मेलो तर माझं चुकलं, आणि कुठे चुकलं तेही मी पाहिलं. आठ-दहा वर्षांचं पोर तीच स्टेज पन्नास वेळा का खेळायचं, याचं उत्तर मला इथे मिळतं.

आणि मेलं की हातातली चांगली बंदूकही जायची. 'एस' अक्षराची ती बंदूक, पंख्यासारख्या पाच गोळ्या सोडणारी. ते अक्षर हवेतून खाली येताना दोघांनाही दिसायचं, आणि ते कुणी घ्यायचं यावरून खऱ्या भावांची खरी भांडणं व्हायची.

मग तिसरी स्टेज, धबधबा. इथे पडदा पुढे सरकत नाही, वर सरकतो. एक जण घाईने वर चढला की दुसरा पडद्याच्या खालच्या कडेला सापडून मरतो. शत्रूने नाही, जोडीदाराने मारलेला. "अरे थांब ना, वर नको जाऊस!" हे वाक्य त्या काळात किती घरांत ओरडलं गेलं असेल! एक पडदा दोघांत वाटून घ्यायचा, म्हणजे सोबतच्याच्या वेगाने चालायचं. हा धडा त्या धबधब्याने न बोलता दिला.

पुढे कितीही पोचलात तरी जतन करायची सोय नव्हती. सातव्या स्टेजवर असताना वीज गेली की पुन्हा जंगल.

(दृश्य : रिमोटचा जवळून शॉट. बोटं एक क्रम दाबतात.)

अप अप, डाउन डाउन, लेफ्ट राइट, लेफ्ट राइट, बी, ए. हा क्रम कॉन्ट्रासाठी जन्मलाच नव्हता. काझुहिसा हाशिमोतो कोनामीचा 'ग्रेडियस' हा विमानांचा खेळ घरगुती यंत्रावर आणत होते. १९८६ ची गोष्ट. खेळ इतका अवघड की तपासणीसाठीसुद्धा तो त्यांना पार करता येईना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी, लक्षात राहील असा एक चोरदरवाजा ठेवला. तोच पुढे कॉन्ट्रात आला आणि तीन लाइफच्या जागी तीस द्यायला लागला. आपल्याकडच्या बऱ्याच कॅसेटींवर तीस लाइफवाली कॉन्ट्रा यादीतच वेगळी असायची, त्यामुळे अनेकांना कोडची गरजच पडली नाही. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले. ज्याने स्वतःला खेळ जमत नाही हे मान्य करून सोय केली, त्याच्यामुळे जगभरातल्या किती मुलांनी शेवटच्या स्टेजमधलं ते धडधडणारं हृदय पहिल्यांदा पाहिलं!

(दृश्य : तीच स्टेज, पण माणसांच्या जागी यंत्रमानव.)

युरोपात निन्टेन्डोवर खेळणाऱ्या मुलांना बिल आणि लान्स भेटलेच नाहीत. माणसं माणसांना मारतात अशा खेळांवर जर्मनीत कडक बंधनं यायची. ती टाळायला कोनामीने तिथल्या घरगुती आवृत्तीत दोन्ही जवान आणि बरेचसे शत्रू यंत्रमानव करून टाकले, आणि १९९० मध्ये खेळ 'प्रोबोटेक्टर' नावाने विकला. उड्या त्याच, गोळ्या त्याच.

दरम्यान 'सुपर कॉन्ट्रा' येऊन गेली होती. पण शिखर १९९२ चं : सुपर निन्टेन्डो या नव्या यंत्रावरची 'कॉन्ट्रा ३'. नोबुया नाकाझातो यांच्या हाताखाली घडलेली. त्यातला एक प्रसंग बघाच. हेलिकॉप्टरमधून क्षेपणास्त्रं सुटतायत, आणि आपला गडी उडत्या क्षेपणास्त्रांना लोंबकळत, एकावरून दुसऱ्यावर उडी घेत लढतोय. इतका गोंधळ, तरी गोळी दिसते. १९९४ मध्ये सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावर 'हार्ड कॉर्प्स' आली. तिच्यात चार योद्धे, त्यातला एक माणसासारखा चालणारा लांडगा, आणि वाटा निवडण्याची मुभा.

(दृश्य : १९९६. ओबडधोबड त्रिमितीय आकृत्या.)

मग सगळेच त्रिमितीच्या मागे धावले. कोनामीने मालिका अपालूसा या बाहेरच्या स्टुडिओकडे सोपवली. १९९६ ची 'लेगसी ऑफ वॉर', १९९८ ची 'सी : द कॉन्ट्रा ॲडव्हेंचर'. पहिलीच्या डब्यात लाल-निळ्या काचांचा चष्माही होता. दोन्ही जपानमध्ये निघाल्याच नाहीत. चित्रं भोंगळ होती हे खरं, पण माझ्या मते दुखणं वेगळं होतं : पडद्याच्या आतून आपल्याकडे येणारी गोळी किती जवळ आली याचा अंदाजच येत नाही.

नाकाझातो २००२ मध्ये परतले आणि 'शॅटर्ड सोल्जर' मध्ये त्यांनी खेळ पुन्हा बाजूने दिसणारा केला. नेम अचूक, खेळ कठोर, आणि कथेत एक घाव : ज्या लान्सला बिलने मारलं असं सगळे मानतात तो जिवंत आहे, आणि तोच शत्रूंचा म्होरक्या आहे. ज्याने लाल पँटवाला भावाच्या हाती दिला होता, त्याला हे बघणं सोपं नव्हतं.

२००७ मध्ये वेफॉरवर्ड या अमेरिकन स्टुडिओने निन्टेन्डो डीएसवर 'कॉन्ट्रा ४' केली. दोन पडदे, एकावर एक. म्हणजे आर्केडची ती उंची वीस वर्षांनी परत आली. फक्त दोन पडद्यांच्या मध्ये बिजागरीची पट्टी होती, आणि तिच्या आड गेलेली गोळी क्षणभर दिसेनाशी व्हायची. त्या क्षणात मी किती तरी वेळा मेलोय.

२०१९ च्या 'रोग कॉर्प्स'ने पुन्हा कॅमेरा वर नेला. खेळणाऱ्यांना ती आवडली नाही.

(दृश्य : २०२४. गलुगा. तेच जंगल, नव्या रंगात.)

आणि १२ मार्च २०२४ ला, वेफॉरवर्डच्याच हातून, 'ऑपरेशन गलुगा'. पुन्हा तेच बेट, पुन्हा बाजूने दिसणारा खेळ, पुन्हा बिल आणि लान्स. सुरुवातीला खेळ विचारतो : रक्ताची पट्टी हवी, की एका गोळीत मरण?

मी दुसरा रिमोट भावाकडे दिला. त्याने न विचारता एका गोळीचा पर्याय दाबला.

(दृश्य : दोघं वरून जंगलात उडी घेतात. पहिली गोळी उजवीकडून येते. संगीत.)