सेनेगलचं सिनेट आणि पिकीनमधलं पाणी

डकार ही पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलची राजधानी, तिला लागून पिकीन नावाची मोठी वस्ती आहे. इथल्या घरांच्या भिंती जरा जवळून बघा, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत ओल चढलेली आणि तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा. काही घरांत तर आत शिरताना वाकावं लागतं, कारण दर पावसाळ्यात पाणी घुसतं म्हणून लोकांनी राडारोडा आणि वाळूची भर टाकून टाकून जमीनच वर आणलीये, छप्पर मात्र तिथेच राहिलं. 1970 च्या दशकात दुष्काळ पडला, गावाकडची माणसं इकडे आली, सखल भागातली तळी तेव्हा कोरडी होती म्हणून तिथेच घरं उठली, आणि पुढे पाऊस परत आला तेव्हा पाणी आपल्या जुन्या जागी येऊन बसलं.

गोष्ट सिनेटचीच आहे, पण ती इथून सुरू केल्याशिवाय कळत नाही.

26 ऑगस्ट 2012, रविवार. डकारमधे असा पाऊस झाला की रस्ते, घरं, दुकानं सगळं पाण्यात, माणसं गेली, लोक चिडून रस्त्यावर उतरले. मॅकी साल राष्ट्राध्यक्ष होऊन पाच महिनेच झाले होते. दोन दिवसांत त्यांनी जाहीर केलं की संसदेचं वरचं सभागृह, म्हणजे सिनेट, बंद करू आणि त्यावर जाणारे वर्षाचे साधारण 8 अब्ज सीएफए फ्रँक (तिथलं चलन) पूरग्रस्तांसाठी वापरू. डॉलरमधे म्हणाल तर दीड कोटीच्या आसपास.

आता हे सिनेट होतं कसं ते बघा. 1999 ला पहिल्यांदा आलं, 2001 च्या नव्या राज्यघटनेत रद्द झालं, आणि ज्यांच्या काळात रद्द झालं त्याच राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी 2007 ला परत आणलं. जागा 100, त्यातले 65 थेट राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. आपल्या राज्यसभेत राष्ट्रपतीनियुक्त 12 असतात, त्यावरून अंदाज घ्या. उरलेल्या 35 जागांवरही सामान्य माणसाचं मत नव्हतं, नगरसेवक वगैरे स्थानिक लोकप्रतिनिधी मतदान करायचे, मुख्य विरोधी पक्षांनी त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला आणि 34 जागा वाद यांच्या पक्षाला गेल्या. वरच्या सभागृहाचं काम काय, तर सरकारला जरा थांबवणं, पुन्हा विचार करायला लावणं. पण ज्याने नेमलं त्यालाच थांबवणार कोण?

म्हणून मला वाटतं पैसा हे खरं कारण होतंच, पण एकटं नव्हतं. ते सिनेट वाद यांच्या माणसांनी भरलेलं होतं, आणि मॅकी साल तर वाद यांनाच हरवून आलेले. सिनेटचा स्वतःचा विरोध होता तरी 19 सप्टेंबर 2012 ला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत मतदान झालं आणि सिनेट संपलं. 2009 ला तयार करून कधीच न भरलेलं उपराष्ट्राध्यक्षपदही त्याच झटक्यात गेलं. पिकीनमधल्या बाईला, जी प्लास्टिकच्या बादलीने घरातलं पाणी उपसतीये, हे पटणारच ना, तिच्यासाठी त्या सभागृहाने कधी काय केलं होतं?

पण पुढचं ऐका. 2016 ला सार्वमत घेऊन त्याच मॅकी साल यांनी स्थानिक संस्थांची एक उच्च परिषद काढली, 150 सदस्य, त्यातले 70 राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. कायदे करायचा अधिकार नाही, फक्त सल्ला द्यायचा. नाव सिनेट नव्हतं, पण नेमायची सवय तीच. हे मला खरंच खुपतं, कारण पुराचं नाव घेऊन जे बंद केलं त्याच्यासारखंच चार वर्षांनी पुन्हा उभं राहिलं.

आणि पाणी? पुरासाठी दहा वर्षांची मोठी योजना आली होती, साडेसातशे अब्ज फ्रँकच्या आसपासची. सप्टेंबर 2020 मधे डकारजवळचं केर मसार पुन्हा बुडालं आणि लोक विचारू लागले, त्या पैशांचं झालं काय, हिशोब द्या.

2024 ला बासिरू दिओमाय फाय राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, त्यांनी ती परिषद बंद करायचा प्रस्ताव आणला, संसदेने तो फेटाळला, मग त्यांनी संसदच बरखास्त केली, नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला 165 पैकी 130 जागा मिळाल्या आणि डिसेंबरमधे परिषद गेली. पुन्हा कारण तेच, खर्च वाचवायचा.

इकडे पावसाळ्याला लोक फ्रेंचमधे इव्हर्नाज म्हणतात, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. तो जवळ आला की पिकीनमधे दारापुढे वाळूच्या गोण्या रचायला सुरुवात होते.