घाटाकडे डोळे लावून बसलेले बंदर

अध्यक्षमहाशय आणि श्रोतेहो,

वास्कोकरांना वास्को समजावून सांगणे म्हणजे खारीवाड्यावरच्या बाईला ताजा बांगडा कसा ओळखावा हे शिकवण्यासारखे आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरीही हा विषय मी आयोजकांकडून मागून घेतला. गोव्यातल्या शहरांची ओळख करून देताना आपण पणजीला राजधानी म्हणतो, मडगावला बाजारपेठ म्हणतो, म्हापशाला शुक्रवारच्या बाजारावरून ओळखतो आणि वास्कोबद्दल ‘तिथे बंदर आहे’ एवढे बोलून मोकळे होतो. लोकसंख्येने हे शहर पणजीच्या दुप्पट आहे; पण ते कशावर वाढले आणि बंदर नेमके कोणासाठी बांधले गेले, हे प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारले जातात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, वास्कोच्या या मुरगाव बंदराचे तोंड समुद्राकडे असले तरी त्याचे डोळे पहिल्या दिवसापासून घाटाकडे लागलेले आहेत, आणि त्याचे बरेवाईट बहुतेक वेळा घाटापलीकडच्या लोकांनी ठरवले आहे. याला एकच मोठा अपवाद झाला, आणि आजचे हे शहर बव्हंशी त्या अपवादाच्या काळात उभे राहिले.

आधी जागा पाहू. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या जवळजवळ शेजारीशेजारी समुद्राला मिळतात. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, पावसाळ्यात वाळूचा बांध साचतो आणि वारा फिरला की तिथून मोठे जहाज आत आणणे धोक्याचे होते. जुवारीच्या दक्षिण तीरावर मात्र मुरगावचा डोंगर समुद्रात पुढे घुसलेला आहे आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याला पाठ देऊन उभा आहे. त्याच्या आडोशाला पाणी खोल आणि त्या मानाने शांत असते. पोर्तुगिजांना हे लवकर कळले होते. इथल्या किल्ल्याचे काम १६२४ मध्ये सुरू झाले. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी जुवे बेटावरचा सांत इस्तेव्हचा किल्ला घेतला, तेव्हा राजधानी, म्हणजे आजचे जुने गोवे, थोडक्यात वाचली. त्या धसक्याने व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने राजधानीच उचलून मुरगावला आणायचे ठरवले. बांधकामे सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली आणि अखेर बारगळली. राजधानी गेली ती पणजीला. ती मुरगावला आली असती तर आज हे व्याख्यान कदाचित पणजीसारख्या एखाद्या निवांत गावाविषयी झाले असते.

खरे बंदर आले ते रेल्वेबरोबर, आणि रेल्वे आली ती एका करारातून. १८७८ च्या अखेरीस ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. त्यात जकातीच्या भिंती पाडायच्या, गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे द्यायचा आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळायचे, असे ठरले. मिठागरांवर पोट असलेल्यांचे त्यात काय झाले, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. त्याच कराराच्या ओघात मुरगावपासून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग आणि मुरगावला धक्का बांधण्याचे काम एका इंग्रज कंपनीकडे गेले. पोर्तुगीज सरकारने तिच्या भांडवलावर व्याजाची हमी दिली. सुमारे ८२ किलोमीटरचा हा मार्ग १८८८ मध्ये पूर्ण झाला. घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्थानकापुढे गाडीला दूधसागराशेजारून इतका उभा चढ चढावा लागतो की आजही मालगाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात.

हिशेब सोपा वाटत होता. धारवाड-हुबळीचा कापूस आणि दख्खनचे धान्य घाट उतरून इथे येईल, इथून जहाजात चढेल आणि मुंबईचा लांबचा फेरा वाचेल. प्रत्यक्षात घाटावरच्या रेल्वेचे जाळे पुण्यामार्गे मुंबईला जोडले गेले, दर असे ठेवले गेले की माल तिकडेच ओढला जावा, आणि १८९२ मध्ये मूळ करारच संपला. घाटमाथ्यावर पुन्हा जकातनाके बसले. १९०२ मध्ये हा मार्ग चालवण्याचे काम घाटावरच्याच सदर्न मराठा रेल्वेकडे गेले. म्हणजे धक्का पोर्तुगिजांच्या भूमीवर, भांडवल लंडनचे आणि माल कुठे जाणार हे ठरवणार मुंबईचे लोक. व्याजाच्या हमीपोटी लिस्बन सरकार वर्षानुवर्षे पैसे भरत राहिले. ज्या प्रमाणात धक्का बांधला त्या प्रमाणात जहाजे कधी आली नाहीत.

गाव मात्र बसले. रेल्वे कंपनीला आणि सरकारला कचेऱ्या, घरे, गोदामे हवी होती, म्हणून सरळ काटकोनात कापणारे रस्ते आखले गेले. जुन्या गोव्यातल्या गावांना देऊळ नाहीतर चर्च मध्ये ठेवून घरे गोळा होण्याची सवय. वास्कोत मध्यभागी स्थानक आहे. नकाशा समोर ठेवला तर हा फरक सहज दिसतो.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, त्यामुळे या अर्ध्या रिकाम्या बंदराला काही काळ विचित्र महत्त्व आले. एरनफेल्स आणि आणखी दोन जर्मन जहाजे व एक इटालियन जहाज इथे आश्रयाला येऊन अडकून पडली होती. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या हौशी ब्रिटिश सैनिकांच्या तुकडीने रात्री एरनफेल्सवर हल्ला केला आणि चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडवली. त्या प्रसंगावर पुष्कळ बोलले जाते. मला त्याच वर्षीचा ऑक्टोबर महिना अधिक लक्षणीय वाटतो. अमेरिकेतून जपानी नागरिकांना घेऊन ग्रिप्सहोम हे जहाज आले आणि जपानच्या ताब्यातल्या प्रदेशांतून अमेरिकन व इतर नागरिकांना घेऊन तेइया मारू आले. दोन्ही जहाजे आपल्या धक्क्याला लागली आणि दोन्हींकडची मिळून सुमारे तीन हजार माणसे इथे एकमेकांशी बदलली गेली. इथे मालाऐवजी माणसांची अदलाबदल झाली. त्यातही बंदराचे काम वाटेवरच्या धर्मशाळेचेच होते.

आता तो अपवाद. गोव्याच्या डोंगरात लोहखनिज आहे हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होते, पण मोठे गिऱ्हाईक नव्हते. युद्धानंतर जपानचे पोलाद कारखाने पुन्हा उभे राहू लागले तेव्हा ते मिळाले. नेमक्या त्याच वेळी, १९५५ च्या सुमारास, भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकच्या पलीकडे गाडी जाणे बंद झाले. घाट मिटला. एरवी ज्या बंदराचे यामुळे प्राण गेले असते, ते उलट सुधारले, कारण पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या अंगणातला माल मिळाला होता. डिचोली, साखळी, सावर्डे, कुडचडे या भागांतले खनिज घाट न चढता-उतरता नदीने थेट बंदरात येत होते. हॉलंडचे बटाटे, जपानचे सिमेंट आणि पाकिस्तानचा तांदूळ याच धक्क्यावर उतरत असे, आणि परत जाताना बोटी लाल माती घेऊन जात. दाबोळीचा विमानतळ १९५५ मधला, जहाजबांधणी कारखाना १९५७ मधला; दोन्ही त्या कोंडीच्या काळातले आहेत, हे योगायोगाने घडलेले नाही.

मुक्तीनंतर हाच धंदा वाढला. १९६४ मध्ये मुरगावची गणना देशातल्या प्रमुख बंदरांत होऊन पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९७९ मध्ये यांत्रिक पद्धतीने खनिज भरण्याचा धक्का सुरू झाला. माझे वडील धक्क्यावर टॅलीचे, म्हणजे मालाची मोजदाद ठेवण्याचे, काम करत. लहानपणी त्यांच्या शर्टाच्या कॉलरला आतून एक तांबूस रेघ कायम असे. ती आईने कितीही घासली तरी जात नसे. घरी आल्यावर चहाच्या आधी ते किती बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, रिकाम्या झाल्या ते सांगत. भरलेली बार्ज पाहिली आहे का आपण? हजार-दीड हजार टन खनिज पोटात घेतल्यावर तिचा काठ पाण्याला एवढा टेकतो की लांबून नदीवरून नुसता लाल ढिगाराच सरकतो आहे असे वाटते. जुवारीच्या पुलावरून परतणारी रिकामी बार्ज दिसली की तिचा तांबडा गंजका तळ वर आलेला असे. पावसाळ्यात आग्वादचा बांध आडवा आला की मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून आतल्या आत जुवारीत येत. ज्या निसर्गाने या बंदराची जागा ठरवली, त्यानेच त्याला मागल्या दाराची वाटही दिली होती.

चीनची भूक वाढल्यावर या व्यापाराचे प्रमाण बदलले. पूर्वी टाकून दिलेले, कमी लोह असलेले खनिजही विकले जाऊ लागले आणि त्याचे जुने डंप, म्हणजे ढिगारे, उकरले गेले. २०१०-११ मध्ये या बंदरातून सुमारे पाच कोटी टन मालाची ने-आण झाली. त्यानंतर बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद केल्या. २०१३-१४ मध्ये बंदराचा माल सव्वा कोटी टनांच्याही खाली गेला. पुढे उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर तीही संपली. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले आहेत. खाणींत बेकायदा काय चालले होते याबद्दल मला सबब शोधायची नाही. पण बंदी आल्यावर कर्जाने घेतलेल्या बार्ज खाडीत नांगरून गंजताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना आकड्यांपलीकडचेही काही ठाऊक आहे.

खनिज आटल्यावर बंदर पुन्हा घाटाकडे वळले, पण आता दिशा उलटी आहे. परदेशातला कोळसा इथे उतरतो आणि रेल्वेने घाट चढून बल्लारी भागातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. १८८८ मध्ये गाडीने माल खाली आणावा अशी अपेक्षा होती. आज ती वर नेते. २०१७ मध्ये कोळशाची हाताळणी वाढवण्याच्या प्रस्तावांवर वास्कोत जनसुनावण्या झाल्या, तेव्हा सभागृह कित्येक दिवस तुडुंब भरत होते. रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे लोक रात्रभर रुळांवर बसले. या विरोधाला नुसती भावना म्हणणाऱ्यांनी वास्कोतल्या मांगोर हिलवर एखाद्या घरी यावे. माझ्या बहिणीच्या खिडकीच्या चौकटीवर सकाळी पांढरे फडके फिरवले तर संध्याकाळी त्याच जागी बोट काळे होते, आणि तुळशीची पाने धुऊन मगच ती पूजेला घेते. कॉलरची रेघ तांबडी होती तेव्हा त्या धुळीबरोबर घरात पगारही येत होता. काळ्या धुळीबरोबर या घरांत काय येते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. बंदर चालवणाऱ्यांचीही अडचण मी नाकारत नाही. धक्के, कर्मचारी, निवृत्तिवेतन हे सर्व पाच कोटी टनांच्या बेतावर उभे केलेले असताना दुसरा कोणता माल एवढ्या प्रमाणात येणार? पर्यटकांच्या मोठ्या बोटींनी शोभा येते, पण त्यांतून उतरलेला प्रवासी बसमध्ये बसतो आणि थेट जुन्या गोव्याला जातो. वास्कोत तो चहासुद्धा घेत नाही.

मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यामुळे दाबोळीचे काय होणार, ही चिंता आता टॅक्सीवाल्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सर्वांना आहे. म्हणजे दुसरा आधारही डळमळतो आहे. असे असूनही हे शहर ओसाड पडेल असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण मला वास्कोच्या सप्ताहात, म्हणजे दरवर्षीच्या भजनोत्सवात, दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ पसरली तेव्हा इथले लोक जांबावलीला दामोदराकडे गेले, तिथून नारळ घेऊन आले आणि अखंड भजन सुरू केले, असे सांगतात. श्रावणात चोवीस तास ते भजन अजून चालते, वेगवेगळ्या समाजांचे पार (मिरवणुका) दिंडीने येतात, आणि स्वातंत्र्य पथावर पुढचे कितीतरी दिवस दुकाने मांडलेली असतात. त्या फेरीत घाटावरून आलेले खेळणीवाले असतात, बायण्यातली कानडी बोलणारी कुटुंबे असतात, सड्यावरचे तेलुगू कामगार असतात, बोटीवरून सुट्टीवर आलेले तारवटी (खलाशी) असतात आणि मिठाई घेताना सगळे कोकणी-मराठी-हिंदीच्या खिचडीत भाव करतात. बंदराने आणलेली आणि बंदर मंदावल्यावरही न गेलेली ही माणसे आहेत. आदल्या वर्षीचा नारळ समुद्रात सोडला जातो, तेव्हा पलीकडे नांगरलेल्या जहाजांत काय भरले आहे, याची चर्चा काठावर चालूच असते.

प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत असे मला सांगण्यात आले आहे. पहिला प्रश्न कोळशाचाच येणार हे गृहीत धरून मी इथे थांबतो.